म्हातारपणाचा शिक्का

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, तिच्यात एक निदान दडलेले आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. घरातले वडील माणूस विसरू लागले, पाय ओढत चालू लागले, अंथरूण ओले करू लागले, की ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा डॉक्टरही तेच सांगतात. फक्त त्यांचा शब्द लॅटिन असतो. शिक्का बसला की चौकशी थांबते. ती थांबू न देणाऱ्या एका माणसाची हकीकत मला वैद्यकाच्या इतिहासात फार मोलाची वाटते.

डॉ. सालोमोन हाकिम हे दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाचे. जन्म १९२२ चा, कुटुंब मूळचे लेबनॉनचे. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे पुढील शिक्षण घेण्यासाठी ते बॉस्टनला गेले. तेथे स्मृती गमावून मेलेल्या माणसांचे मेंदू तपासताना त्यांना एक कोडे पडले. मेंदूच्या आत पोकळ्या असतात व त्यांत पाण्यासारखा नितळ द्रव खेळत असतो. काही मेंदूंत या पोकळ्या चांगल्याच फुगलेल्या होत्या. पण बाहेरचा थर त्या मानाने झिजलेला दिसेना. मग मेंदू आटला म्हणून पोकळी वाढली, हे नेहमीचे उत्तर येथे कसे लागू पडावे?

उत्तर मिळाले ते बोगोटा शहरात, १९५७ साली, आणि तेही एका सोळा वर्षांच्या मुलाकडून. मोटारीच्या अपघातात त्याच्या डोक्याला मार बसला होता. साकळलेले रक्त शस्त्रक्रियेने काढले, तरी तो धड शुद्धीवर येईना. सीटी स्कॅन तेव्हा नव्हता. द्रवाच्या जागी हवा भरून क्ष-किरणांनी छायाचित्र घेत. त्यात पोकळ्या फुगलेल्या दिसल्या, पण द्रवाचा दाब मात्र अगदी प्राकृत निघाला. आता ग्रंथ सांगत की, दाब वाढलेला नसेल तर दोष पाण्याचा नव्हे; मेंदूच आटला, आणि त्याला इलाज नाही. हाकिम यांनी तपासणीसाठी म्हणून पंधरा मिलिलिटर द्रव काढला. चहाचे तीन चमचे! दुसऱ्या दिवशी मुलगा चार शब्द बोलला. पुढे तो पुन्हा मंदावला. पुन्हा द्रव काढला, पुन्हा सुधारला. शेवटी जादा द्रव नळीवाटे हृदयाकडे वाहून जाईल अशी कायमची सोय त्यांनी केली.

दाब प्राकृत असून मेंदू दबतो कसा? हाकिम यांनी पास्कलचा नियम पुढे केला. गॅरेजातला पोऱ्या तेलाच्या जॅकने आख्खी मोटार उचलतो. दाब तोच, पण पृष्ठभाग मोठा म्हणून जोर मोठा. फुगलेल्या पोकळीचेही तसेच. हे स्पष्टीकरण आज अपुरे समजले जाते, मूळ कारणाविषयी वाद चालूच आहे. पण रोगी बरा झाला, तो काही नियमाच्या खरेखोटेपणावर अवलंबून नव्हता.

१९६४ मध्ये हाकिम यांनी स्पॅनिशमध्ये प्रबंध लिहिला. १९६५ मध्ये रेमंड ॲडम्स प्रभृती बॉस्टनच्या डॉक्टरांसह त्यांचा लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि हा विकार जगाला ठाऊक झाला. त्याची लक्षणे तीन: चाल बिघडणे, बुद्धी मंदावणे, लघवीवरचा ताबा सुटणे. यांत क्रम महत्त्वाचा. बहुधा चाल आधी जाते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पावले आखूड पडतात, वळायचे तर चार-सहा पावले टाकून वळावे लागते. अल्झायमरच्या विकारात सहसा उलटे: आठवण आधी जाते, आणि पाय बराच काळ धड राहतात. म्हणून आधी काय बिघडले, हे घरातल्या माणसांइतके कोणालाच सांगता येत नाही. आणि नेमके तेच विचारायचे राहते. पुष्कळांना तर पार्किन्सनचा रोग समजून त्याचीच औषधे दिली जातात.

अशी फसगत इतर विकारांतही होते. लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी १९४९ मध्ये चौदा रोग्यांची हकीकत छापली. त्यांना वेडे ठरवले होते. खरा दोष गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावल्याचा होता. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि खोल उदासीनता हीदेखील स्मृतिभ्रंशाचे सोंग आणतात.

मात्र हाकिम यांच्या शोधाची दुसरी बाजू दडवून चालणार नाही. लेख गाजला तशा नळ्या घालण्याच्या शस्त्रक्रिया पुष्कळ झाल्या. अनेकांना गुण आला नाही, कोणाच्या डोक्यात रक्त साकळले, कोणाला जंतुसंसर्ग झाला. ज्यांचा रोग मुळात वेगळाच होता त्यांना ही शिक्षा फुकट झाली. मग उत्साह इतका ओसरला की, खऱ्या रोग्यांकडेही दुर्लक्ष होऊ लागले. ज्यांना गुण येतो त्यांची चाल जितकी सुधारते, तितकी स्मृती सुधारेलच असे नाही, हेही अनुभवाने कळले.

हाकिम २०११ साली वारले. आज स्कॅन काढल्यावर, शंका असेल तर, कमरेतून तीस ते पन्नास मिलिलिटर द्रव काढून पाहतात. त्याआधी रोग्याला ठरावीक अंतर चालायला लावतात, पावले मोजतात, सेकंद मोजतात. द्रव काढल्यावर त्याच जागी पुन्हा चालवतात. फरक पडला तर नळीचा विचार करतात. न पडला तरी एवढ्यावरून विकार नाही असे म्हणत नाहीत; पुन्हा तपासतात.