खाण संपली, बाजार उरला: आनाबेर्गच्या नाताळ बाजारात एक फेरी

डिसेंबर उजाडला की युरोपातल्या नाताळ बाजारांचे फोटो आपल्याही मोबाइलवर यायला लागतात. लाकडी टपऱ्या, पिवळे दिवे, बर्फ, हातात वाफाळता प्याला. ते बघून आपण सगळेच असं धरून चालतो की हे फार जुनं आहे, शेकडो वर्षं जसंच्या तसं चालत आलेलं आहे. आज आपण अशाच एका छोट्या गावच्या बाजारात फेरी मारू. प्रत्येक टपरीपुढं थांबून प्रश्न मात्र एकच विचारायचा: ही वस्तू इथं विकायला आली कधी, आणि का?

गावाचं नाव आनाबेर्ग-बुखहोल्त्स. पूर्व जर्मनीत, सॅक्सनी राज्यात, चेक सीमेला लागून एक डोंगररांग आहे, एर्त्सगेबिर्गे. सरळ मराठीत सांगायचं तर 'खनिजांचे डोंगर'. या डोंगरात वीस हजारांच्या आत वस्तीचं हे गाव आहे. थंडी कडाक्याची, जमीन हलकी, शेतीवर पोट भरणं अवघड. मग इथं माणसं आली कशाला? तर चांदीसाठी. या भागात फ्रायबेर्गजवळ ११६८ मध्ये चांदी सापडली होती. पंधराव्या शतकाच्या शेवटी आनाबेर्गच्या डोंगरात नवी शीर लागली आणि १४९६ मध्ये सॅक्सनीच्या ड्यूकनं हे गाव आखून वसवलं. म्हणजे आधी गाव आणि मग धंदा असं झालंच नाही. खाण होती म्हणून गाव झालं. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, बोहेमियात, योआखिम्सटाल नावाचं असंच खाणगाव उभं राहिलं. तिथल्या चांदीच्या नाण्याला 'टालर' म्हणायला लागले आणि त्यावरूनच पुढं 'डॉलर' आला. आज जगभर चालणारा शब्द याच डोंगरातून निघालेला आहे.

आता बाजारात शिरू. पहिला वास येतो तो खाण्याचा. भाजलेले सॉसेज, साखरेत घोळवलेले बदाम, लवंग-दालचिनी घालून गरम केलेली वाइन. नाताळ बाजार मुळात खाण्याचाच होता. सॅक्सनीतल्या बाउत्सेन गावाला १३८४ मध्ये मांसाचा बाजार भरवायची परवानगी मिळाली, ड्रेस्डेनचा बाजार १४३४ पासूनचा. हिवाळ्याची आणि सणाची बेगमी करायची जागा, एवढाच त्याचा अर्थ. खेळणी आणि शोभेच्या वस्तू नंतर आल्या.

खाण्याच्या टपऱ्यांत जरा जास्त वेळ थांबायचं ते श्टोलनपाशी. बेदाणे आणि बदाम घातलेला, वरून पिठीसाखरेचा जाड थर दिलेला हा लांबट पाव. आज तो लोण्यानं ओथंबलेला असतो. पण नाताळच्या आधीचे आठवडे उपासाचे, आणि उपासाला लोणी चालत नसे. तेलात केलेला पाव कोरडा आणि बेचव लागायचा. सॅक्सनीच्या राजघराण्यानं रोमकडं अर्ज केला आणि १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरायची मुभा दिली. फुकट नव्हे हं. सवलतीबद्दल पैसे भरायचे, आणि ते पैसे फ्रायबेर्गच्या कॅथेड्रलच्या बांधकामाला जायचे. जर्मनमध्ये 'श्टोलन' हा शब्द डोंगराच्या कुशीत खोदलेल्या आडव्या बोगद्यालाही वापरतात. एकातून दुसरा निघाला असा दावा आपण करायचा नाही, पण खाणगावातल्या माणसाला हा पाव कापताना बोगदा आठवला नसेल हे पटत नाही.

नाताळच्या आदल्या रात्री इथल्या घरोघरी नऊ पदार्थांचं जेवण होतं. त्यात मसूर असायलाच हवेत, म्हणजे वर्षभर सुटे पैसे खुळखुळतील; आणि बटाट्याचे मोठे गोळे, म्हणजे मोठी रक्कमही येईल. ताटाखाली नाणं ठेवायची रीतही आहे. चांदीच्या डोंगरावर राहणाऱ्या माणसांचं सणाचं ताट असं सुट्या पैशांच्या काळजीनं भरलेलं आहे. कारण चांदी निघायची ती मजुराची नसायची. ती ड्यूकची आणि खाणीत भांडवल घातलेल्यांची.

चौकात एका बाईचा पुतळा आहे. तिचं नाव बार्बारा उथमान, काळ १५१४ ते १५७५. तिच्या नवऱ्याचा पैसा खाणींत होता. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथली चांदी कमी व्हायला लागली आणि खाणकामगारांच्या घरात रिकामे हात दिसायला लागले. नवऱ्यामागं बार्बारानं गोफ, किनारी आणि लेस यांचा धंदा वाढवला. एकेकाळी सुमारे ९०० जणी तिच्यासाठी काम करत असं सांगतात. पद्धत कोणती? आपल्याकडच्या विडी वळणाऱ्या बायका आठवा. पानं-तंबाखू मालकाची, काम घरी, आणि मोजणी मालकाच्या दारात. तीच पद्धत. लेस तिनंच शोधून काढली ही दंतकथा, तिला पुरावा नाही. पण खाण आटली की घर कारखाना होतं, हा या डोंगरातला नियम तिच्या काळात पहिल्यांदा स्पष्ट दिसतो. टपरीवर आज बॉबिनवर विणलेली पांढरी चांदणी टांगलेली दिसते ना, ती चांदी आटल्याच्या काळातली वस्तू आहे.

आता लाकडाच्या टपऱ्या. बाजाराचं खरं नाव होतं ते यांच्यामुळं. यातला पुष्कळ माल पूर्वेकडच्या झायफेन नावाच्या छोट्या गावातून आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांतून येतो. झायफेनमध्ये चांदी नव्हती, कथील होतं. ओढ्याच्या पाण्यात धातुक धुऊन कथील वेगळं करायचं, त्या कामावरूनच गावाचं नाव पडलं. कथील कमी होत गेलं तसे लोक लाकडाकडं वळले. जंगल होतं, पाण्यावर फिरणारी चाकं होती. ती धातुक कुटण्याऐवजी कातारी कामाला जुंपली. आधी वाट्या, ताटल्या, बटणं, मग खेळणी. १८४९ मध्ये खाण बंदच झाली, तोपर्यंत गाव खेळण्यांचं झालेलं होतं.

इथली एक कृती बघण्यासारखी आहे. ओल्या स्प्रूसच्या खोडाची चकती लेथवर चढवतात आणि कारागीर पटाशीनं तिच्यात खाचा पाडत जातो. काम चालू असताना जनावर दिसतच नाही. छेद कसा निघेल ते सगळं मनात धरायचं. कडं पुरं झालं की केक कापावा तसे त्याचे उभे काप करायचे आणि प्रत्येक कापाच्या छेदात घोडा. किंवा गाय, किंवा हत्ती. एका कड्यातून डझनावारी. पाहुणे हे बघून टाळ्या वाजवतात, आणि वाजवाव्यातच. पण ही युक्ती निघाली कशासाठी? एक घोडा सुटा कोरत बसलं तर पोट भरणार नाही इतका भाव पडलेला होता म्हणून. शंभर घोड्यांना मिळतील तेवढ्या पैशांत घर चालवायचं तर घोडे कापूनच काढायला हवेत. ज्याला आपण कौशल्य म्हणतो त्याचा अर्धा भाग कमी मजुरीनं घडवलेला आहे.

माल न्युरेंबर्गच्या आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत इंग्लंड-अमेरिकेत जायचा. नोहाची नौका आणि तिच्यात जोडीजोडीनं जनावरं, हा मोठ्या खपाचा प्रकार. त्यांना रंग कोण द्यायचं, कान-शेपट्या कोण चिकटवायचं? घरातली पोरं. शाळेच्या आधी, शाळेच्या नंतर, आणि नाताळच्या आधीच्या महिन्यांत रात्री उशिरापर्यंत. १९०३ मध्ये जर्मनीत बालमजुरीचा नवा कायदा झाला. त्यानं पहिल्यांदा घरच्या धंद्यात राबणाऱ्या मालकाच्या स्वतःच्या मुलांनाही थोडं संरक्षण दिलं. लंडनच्या मुलाची नाताळची भेट झायफेनच्या मुलाच्या झोपेतून तयार होत होती, हे आपण बाजाराच्या रोषणाईत विसरू नये असं आम्हाला वाटतं.

पुढची टपरी जरा हसरी आहे. अक्रोडफोड्या बाहुले. डोक्यावर मुकुट, मोठा जबडा, मागचा दांडा दाबला की कडाक्. हॉफमनची गोष्ट १८१६ ची, चायकोव्हस्कीचा बॅले १८९२ चा, आणि आज सगळीकडं दिसणारं हे राजाचं रूप झायफेनच्या विल्हेल्म फ्युख्टनर यांनी १८७० च्या सुमारास लेथवर घडवलेलं. राजा, शिपाई, पोलिस असेच चेहरे त्यांना देतात. ज्यांच्यापुढं एरवी मान खाली घालायची त्यांना सणाच्या दिवशी अक्रोड फोडायला लावायचं, असा त्याचा अर्थ इथले लोक लावतात. शेजारी धूर सोडणारे बाहुले. पोटात कोळशाची पूड आणि ऊद यांची छोटी धूपकांडी पेटवून ठेवली की तोंडातून धूर येतो. आपल्याला वास ओळखीचा वाटेल. हे बाहुले मात्र राजे नसतात. पोस्टमन, फेरीवाले, वनरक्षक, खाणकामगार, म्हणजे आपली माणसं, निवांत पाइप ओढत बसलेली.

आणि खिडक्याखिडक्यांतून दिसणारी ती मेणबत्त्यांची कमान, श्विबबोगेन. अठराव्या शतकात खाणीच्या लोहारांनी केलेल्या लोखंडी कमानी योहानगेऑर्गेनश्टाट गावच्या. हिवाळ्यात कामगार उजाडायच्या आत खाली उतरायचा आणि अंधारात वर यायचा, म्हणून खिडकीत उजेड. घरात जितके मुलगे तितके दिवे धरलेले खाणकामगार आणि जितक्या मुली तितक्या देवदूत खिडकीत मांडायचीही पद्धत होती. इथवर सगळं जुनं. पण आज सर्वांत जास्त विकली जाणारी जी कमान आहे, मध्ये दोन खाणकामगार, एका बाजूला लेस विणणारी, दुसऱ्या बाजूला लाकूड कोरणारा, तिचं चित्र पाउला जॉर्डन या चित्रकर्तीनं १९३७ मध्ये केलं, श्वार्त्सेनबेर्गच्या एका प्रदर्शनासाठी. १९३७, म्हणजे नाझी राजवट. 'मायभूमीची लोककला' हा तेव्हा सरकारी कार्यक्रम होता. म्हणून ती कमान खोटी ठरते का? आम्ही तसं म्हणणार नाही. खाण, लेस आणि लाकूड ही तीन पोटं तिनं बरोबर ओळखली होती. पण 'प्राचीन परंपरा' असं लेबल दिसलं की तारीख विचारायची सवय ठेवावी.

गोष्ट इथं संपली असती तर गोड झाली असती. १९४५ नंतर या डोंगरात खाण परत आली. आता चांदीसाठी नव्हे, युरेनियमसाठी. सोव्हिएत अणुबॉम्बला ते हवं होतं. सॅक्सनी आणि थुरिंगिया मिळून एक लाखाहून जास्त माणसं १९५० च्या आसपास विस्मुट या कंपनीच्या कामाला होती, सुरुवातीला कित्येकजण सक्तीनं आणलेली. जवळच्या श्नेबेर्गच्या खाणकामगारांना होणारा जीवघेणा छातीचा आजार म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग, हे १८७९ मध्येच दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं होतं. तरी कोरडं खोदकाम, धूळ, किरणोत्सार. हजारो माणसं त्याच आजारानं गेली. आणि कमानींचं ते योहानगेऑर्गेनश्टाट? युरेनियमच्या खोदाईसाठी तिथली जुनी वस्ती १९५० च्या दशकात जवळजवळ सगळी पाडली. याच काळात लाकडी बाहुले पश्चिमेला विकून पूर्व जर्मनी परकीय चलन कमावत होती. १९९० नंतर युरेनियमची खोदाई थांबली. २०१९ मध्ये हा सगळा खाणप्रदेश, चेक बाजूसह, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला.

आज टपरीवर हातानं केलेला अक्रोडफोड्या उचललात तर किंमत बघून परत ठेवावासा वाटेल. कोपऱ्यावरच्या एखाद्या दुकानात तसाच दिसणारा, दूरच्या देशातून आलेला, त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळेल. इथल्या कारागिरांनी आपल्या मालावर 'अस्सल एर्त्सगेबिर्गे'चा शिक्का लावायला सुरुवात केली ती यामुळंच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी स्वस्त मजुरीच्या जोरावर जगाचा बाजार याच डोंगरानं भरला होता. आता स्वस्त मजुरी दुसरीकडं आहे.

जायचंच असेल तर नाताळच्या आधीचा शेवटचा रविवार गाठा. त्या दिवशी खाणकामगारांचे जुने गणवेश घालून, बँड लावून, शेकडो माणसं मिरवणुकीनं येतात. आणि तिथून चर्चमध्ये जा, चौकापासून चढणीवर पाच-सात मिनिटं. संत आनाचं हे चर्च १५१९ चं. आत डाव्या-उजव्या हाताला सोनेरी काम भरपूर आहे, पण एका वेदीच्या मागं वळसा घालून जायचं. हान्स हेस यांनी १५२१ मध्ये तिथं खाण रंगवली आहे: डोंगरात शिरणारी माणसं, भट्टी, नाणी पाडणारे हात, आणि धातुक धुणारी एक बाई. पुढून बघणाऱ्याला ती दिसत नाही.