काळी पाचचा धडा : प्रस्तावना

पाश्चात्त्य संगीत आधी पचवल्याशिवाय वाद्यवृंदरचना शिकता येत नाही, या समजुतीपायी आपल्याकडचे पुष्कळ विद्यार्थी या विषयाच्या वाटेला जात नाहीत. त्यांनी क्लॅरिनेटपासून सुरुवात करावी. या शिक्षणाचा इतिहासही तिथूनच सुरू होतो.

१७६४ साली पॅरिसमध्ये वालेंटिन रोझर या वादकाने क्लॅरिनेट आणि हॉर्न यांसाठी लिहू पाहणाऱ्या रचनाकारांकरिता एक छोटेखानी पुस्तक काढले. वाद्यवृंदरचनेवरच्या पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. व्हायोलिन रचनाकारांच्या सरावातले होते, क्लॅरिनेट नवखे. त्याला चाव्या थोड्या, त्यामुळे सगळ्या पट्ट्यांत ते सारखे सहज वाजेना. म्हणून पट्टीगणिक वेगळे वाद्य आले. कागदावर एक स्वर आणि कानावर दुसरा, हे गणित कुणीतरी समजावून देणे भागच होते.

आपल्याला ते अवघड जाऊ नये. आजच्या नेहमीच्या क्लॅरिनेटवर लिहिलेला 'सी' वाजवला की ऐकू येते काळी पाच. गायकाची पट्टी विचारून पेटीवर सा हलवणाऱ्याला यात नवे काय?

खरी गंमत पुढे आहे. बासरीत फुंक वाढवली की सा वरच्या सा वर जातो. क्लॅरिनेटवर डाव्या अंगठ्याची चावी उघडली की सा च्या जागी वरच्या सप्तकातला प लागतो. त्यामुळे खालची बोटे वर तशीच चालत नाहीत, आणि दोन पल्ल्यांच्या सांध्यावरचे स्वर फिके पडतात. फ्रेंच रचनाकार बर्लिओझने वाद्यवृंदरचनेवरच्या १८४४ च्या ग्रंथात या पल्ल्यांचे रंग वेगवेगळे वर्णिले. रचनाकार रिम्स्की-कोर्साकोव्ह १८७३ मध्ये रशियन नौदलाच्या बँडांचा निरीक्षक झाला, तेव्हा त्याने क्लॅरिनेट स्वतः हाती घेतले. वाद्यवृंदरचनेवरचा त्याचा ग्रंथ मात्र मृत्यूनंतर, १९१३ साली निघाला.

आता आपल्याकडे वळू. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत वर्गात आणि स्वरलिपीतून शिकवणारे विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात नाशिकला राहिले. लेखी संगीत या गावाला परके नाही. क्लॅरिनेट तर वरातीच्या बँडमधून घरोघरी पोचलेले आहे. पुढच्या वरातीत बँडच्या जवळून चाला: चाल कोण उचलतो, ट्रंपेट आले की क्लॅरिनेट कुठे सरकते, कधी गप्प बसते, एवढे टिपून ठेवा.

पुढील प्रकरणांत आधी वाद्य, मग त्याचे शेजारी आणि शेवटी ग्रंथ येतील. वाचताना पेटी पुढ्यात असू द्या. पट्टीचे प्रत्येक उदाहरण वाजवून पाहिल्याशिवाय पान उलटू नका.

नाशिक