आइसक्रीमचा पॉट आणि त्याचे वंशज
(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या वैशाखांत माझ्या माहेरीं एक लहानशी सभा भरली होती. भावानें जुना वाडा सोडून नव्या इमारतींत बेताची जागा घेतली, आणि सामान लावतांना असें आढळलें कीं, आइसक्रीम करण्याचीं दोन साधनें घरांत आहेत व तिसरें येऊं घातलें आहे. पहिलें, आजोबांच्या वेळचा लाकडी पिंपाचा, हातानें फिरवावयाचा पॉट. दुसरें, वहिनींनीं आणलेलें विजेचें लहान यंत्र. त्याचें वाडगें आदल्या दिवशीं फ्रीजमध्यें गोठवून ठेवावें लागतें. तिसरें, भाच्यानें ज्याची किंमत विचारून ठेवली होती तें, स्वतःच थंडी निर्माण करणारें मोठें यंत्र. स्वयंपाकघरांत जागा एकाचीच. "तूं इतिहास शिकवितेस ना? मग तूंच काय तो निकाल दे," असें म्हणून आईनें तें काम माझ्यावर सोंपविलें. आज आपल्यापुढें मी जें मांडणार आहें तें त्या निकालपत्राचाच विस्तार होय.

प्रथम एका साध्या प्रश्नाचा उलगडा केला पाहिजे. दूध, साखर आणि बर्फ हाताशीं असतांना यंत्र हवेंच कशाला? याचें कारण असें कीं, बर्फ शून्य अंशावर वितळतो. साखर घातलेलें दूध मात्र शून्याच्याहि खालीं दोन-तीन अंश उतरल्यावांचून गोठूं लागत नाहीं. नुसत्या बर्फांत दुधाचा डबा दिवसभर पुरून ठेवला तरी हातीं थंड दूधच येईल. ही अडचण मिठानें दूर केली. बर्फावर मीठ टाकलें कीं तो भराभर वितळूं लागतो, आणि वितळण्यासाठीं लागणारी उष्णता शेजारच्या डब्यांतून ओढून घेतो. ही उष्णता थोडी नव्हे. एक किलो बर्फाचें पाणी होण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढींत एक किलो गार पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलें असतें. अशा रीतीनें बर्फ व मीठ यांचें मिश्रण शून्याखालीं २१ अंशांपर्यंत उतरूं शकतें.

क्षारांच्या योगें थंडी वाढविण्याची ही युक्ति जुनी आहे. अकबराच्या दरबारांत पाणी गार करण्यासाठीं सोरा वापरीत, आणि दरबार लाहोरास गेल्यावर उत्तरेकडील डोंगरांतून बर्फ येऊं लागला, अशी नोंद अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त आहे. इटलींतील देल्ला पोर्ता यानें १५८९ च्या आपल्या ग्रंथांत बर्फ आणि सोरा यांच्या साह्यानें मद्य गोठविण्याची कृति दिली आहे. पुढें युरोपांतील श्रीमंतांच्या मुदपाकखान्यांत झांकणाचा डबा बर्फ-मिठाच्या बादलींत ठेवून आचारी तो हातानें गरगर फिरवीत. मधूनमधून झांकण काढावयाचें, कडांना धरलेला थर उलथन्यानें खरवडावयाचा, आणि पुन्हां फिरवावयाचें, असा तो उद्योग चाले.

हें खरवडणें हा आइसक्रीमचा प्राण आहे. दूध स्वस्थ ठेवून गोठविलें तर त्यांत बर्फाचे मोठाले स्फटिक बनतात आणि ते जिभेला रेतीसारखे लागतात. कडेला धरलेला पातळ थर लागलीच खरवडून आंत मिसळला तर स्फटिक बारीक राहतात, आणि ढवळण्यानें हवाहि शिरते. म्हणजे आइसक्रीमला दोनच गोष्टी लागतात: एक थंडी, दुसरी अखंड खरवडणारा हात. यंत्रांचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या दोन गोष्टी कोणाकडून घ्यावयाच्या, याचाच इतिहास होय.

१८४३ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील नॅन्सी जॉन्सन या बाईंनीं एका यंत्राचें पेटंट घेतलें. बाहेर लाकडी पीप, आंत धातूचा डबा, डब्यांत भोंकें पाडलेलें फिरतें पातें, आणि तें फिरविण्यासाठीं बाहेर दांडा, एवढीच त्याची रचना. परंतु या दांड्यानें मोठी क्रांति केली. झांकण न काढतां ढवळतां व खरवडतां येऊं लागलें, आणि जें काम कसलेल्या आचाऱ्याचें होतें तें घरांतील कोणाहि माणसाच्या आटोक्यांत आलें. १८४८ सालीं विल्यम यंग यानें त्यांत सुधारणा केली आणि आपल्या यंत्राला जॉन्सनबाईंचेंच नांव ठेवलें. १८४३ सालींच लंडनमध्यें टॉमस मास्टर्स यानेंहि बर्फ करण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें होतें. आमच्या माळ्यावरचा पॉट थेट या घराण्यांतला. पाऊणदोनशें वर्षें लोटलीं तरी त्याचें रूप फारसें पालटलेलें नाहीं.

दांडा मिळाला, पण आपल्याकडे बर्फाचें काय? बोस्टनहून निघालेलें 'टस्कनी' हें जहाज चार महिन्यांच्या प्रवासानंतर सप्टेंबर १८३३ मध्यें कलकत्त्यास लागलें. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें त्यांत सुमारें १८० टन बर्फ भरला होता, आणि विषुववृत्त दोनदां ओलांडूनहि त्यांतील १०० टनांच्या आसपास शिल्लक राहिला होता! अमेरिकेंतील तळ्यांवर हिवाळ्यांत कापलेला हा बर्फ लवकरच मुंबईस व मद्रासेसहि येऊं लागला. मद्रासेंतील बर्फघर आज विवेकानंदांचें स्मारक म्हणून उभें आहे. मुंबईंत १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई यांनीं मेजवानींत आइसक्रीम वाढलें आणि पुढें यजमान व पाहुणे सारेच पडशानें हैराण झाले, अशी एक आख्यायिका नेहमीं सांगितली जाते. १८७८ सालीं कलकत्त्यास बर्फाचा कारखाना निघाला, आणि थोड्याच वर्षांत बोस्टनच्या बर्फाचा व्यापार संपला. बर्फाच्या लाद्या शहरोशहरीं मिळूं लागल्यावरच पॉट मध्यम स्थितींतील घरांत शिरूं शकला.

फिरविण्याचे कष्ट कमी व्हावेत म्हणूनहि प्रयत्न झाले. लंडनमध्यें पाकशाळा चालविणाऱ्या ॲग्नेस मार्शल या बाईंनीं १८८५ च्या सुमारास उथळ व पसरट डब्याचें यंत्र काढलें. त्यांत पातें स्थिर राही व डबा फिरे. बर्फ-मीठ फक्त डब्याखालीं घालावें लागे, आणि थर पातळ असल्यामुळें मिश्रण थोड्या मिनिटांत गोठे.

येथवर येतांच मला आमच्या वाड्यांतील मे महिना आठवला. पॉट निघाला कीं आम्ही मुलें दांड्यासाठीं भांडत असूं. पहिले शंभर फेरे हलके जात. नंतर दूध घट्ट होऊं लागे, दांडा जड होई, आणि आम्ही एकेक करून पसार होत असूं. मग पिंपावर गोणपाटाची घडी टाकून आत्या दांडा धरी. बर्फ कुटणें तिचेंच, जाडें मीठ घालणेंहि तिचेंच, आणि खाऱ्या पाण्यानें बोटें फुटत तींहि तिचींच. एकदां ओसरी ओली होऊं नये म्हणून मीं शहाणपणानें पिंपाच्या कडेचें पाणी जाण्याचें भोंक चिंधी कोंबून बंद केलें. खारें पाणी चढत चढत झांकणापर्यंत गेलें आणि पायरी आंब्यांचा सारा रस खारट झाला. आत्या मला एक शब्दहि बोलली नाहीं. तिनें डबा विसळला, उरलेल्या दुधांत साखर घातली, आणि पुन्हां दांडा धरला. पेटंटांत दांड्याचें वर्णन असतें. तो कोणाच्या हातीं राहील हें त्यांत लिहिलेलें नसतें.

भारतीय बनावटीचा पहिला फ्रीज गोदरेजनें १९५८ सालीं काढला. पुढें फ्रीज घरोघरीं आले आणि थंडी विकत आणावयाची गरज उरली नाहीं. खरवडणारा हात मात्र अजून हवाच होता. म्हणून आपल्या गृहिणींनीं जी. एम. एस. व सी. एम. सी. या पावडरी दुधांत शिजवावयाच्या, अर्धवट गोठलेलें मिश्रण मिक्सरमध्यें घुसळून पुन्हां गोठवावयाचें, असा मार्ग काढला. पावडरीनें स्फटिकांना आवर घातला. घुसळण्यानें हवा भरली. १९८० च्या दशकांत गोठवावयाच्या वाडग्याचीं यंत्रें जपानमधून बाहेर पडलीं. त्या वाडग्याच्या दोन भिंतींमध्यें द्रव भरलेला असतो. तो रात्रभर गोठवून ठेवला कीं दुसऱ्या दिवशीं तोच बर्फ-मिठाचें काम करतो, आणि वहिनींच्या यंत्रांत दांड्याचें काम विजेची मोटर करते. भाच्याच्या यंत्रांत तर फ्रीजसारखा काँप्रेसरच बसविलेला असतो.

आतां निकाल. यंत्र घेतांना तीन प्रश्न विचारावेत: थंडी कोठून येणार, खरवडणार कोण, आणि खाणारीं तोंडें किती? दोघांतिघांचें कुटुंब असेल, आठवड्याकाठीं एखादा घाणा पुरत असेल, आणि फ्रीजमध्यें वाडग्यापुरती जागा सदैव मोकळी राहत असेल, तर गोठवावयाचें वाडगें उत्तम. मात्र एका घाण्यानंतर तें पुन्हां गोठविण्यांत जवळजवळ सारा दिवस जातो. पाहुण्यांचा राबता मोठा असेल, घाण्यावर घाणा काढावयाचा असेल, तर काँप्रेसरचें यंत्र घ्यावें. त्याचें मोल पैशानें व ओट्यावरील जागेनें द्यावें लागतें. आणि वर्षांतून दोन-चार वेळां पंधरा-वीस माणसें एकत्र जमत असतील, तर बर्फाची लादी आणून पॉटच काढावा. त्याला वीज लागत नाहीं व घाणाहि मोठा निघतो.

या हिशेबानें, रोजच्या वापरासाठीं वहिनींचें यंत्र ओट्यावर राहिलें, भाच्याचा बेत रहित झाला, आणि पॉट भंगारांत जाण्याऐवजीं पलंगाखालीं गेला. आईनें निकाल मान्य केला. परंतु एक अट घातली. "पॉट ठेवा; पण यापुढें बर्फ मी कुटणार नाहीं आणि दांडाहि धरणार नाहीं. ज्याला खावयाचें आहे त्यानें शेवटचे फेरे फिरवावेत." गेल्या मे महिन्याच्या अखेरीस पॉट निघाला तेव्हां शेवटचे फेरे भाच्यानें व मीं आळीपाळीनें फिरविले. आत्या आज नाहीं. दांडा किती जड होतो हें मला त्या दिवशीं प्रथमच कळलें.