सर्व्हर कोसळतो तेव्हा...

‘सर्व्हर डाउन आहे’ हे उत्तर आता खेड्यापाड्यांतही परिचयाचे झाले आहे. चौदा तालुक्यांचा अहमदनगर जिल्हा, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासूनचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. अकोले किंवा जामखेडच्या शेतकऱ्याचा सातबारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात असे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. तो वेळेवर निघाला नाही, तर पीककर्ज आणि खरेदीखत दोन्ही अडतात. पूर्वी दप्तराला वाळवी लागली तर एका सजाचे नुकसान होई. मध्यवर्ती डेटाबेस बंद पडला तर असंख्य गावांचे काम एकाच वेळी थांबते. म्हणूनच अशा नोंदी एकाहून अधिक सर्व्हरवर ठेवल्या जातात. या पद्धतीला ‘डेटाबेस रेप्लिकेशन’ म्हणतात.

प्रतिकृती कशी उभारतात?

मुख्य सर्व्हर प्रत्येक बदलाची क्रमवार नोंदवही ठेवतो. प्रथम संपूर्ण डेटाची एक प्रत दुय्यम सर्व्हरवर उतरवली जाते. ही प्रत नोंदवहीतील ज्या टप्प्याची असते, तेथून पुढचे बदल दुय्यम सर्व्हर सतत मागवून त्याच क्रमाने लागू करतो. त्यासाठी मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते देण्यात येते व दुय्यम सर्व्हर केवळ वाचनासाठी खुला ठेवतात. पोस्टग्रेस या मुक्त प्रणालीत ही सोय २०१० च्या ९.० आवृत्तीपासून अंगभूत आहे.

तात्काळ की सवडीने?

समकालिक पद्धतीत दुय्यम सर्व्हरची पोच मिळाल्याशिवाय व्यवहार पूर्ण मानला जात नाही. नोंद गमावण्याचा धोका त्यामुळे जवळजवळ संपतो. पण अंतराची किंमत मोजावी लागते. काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई हे हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर जाऊन येण्यास किमान दहा मिलिसेकंद लागतात, आणि ही वाट प्रत्येक व्यवहाराला पाहावी लागते. म्हणून समकालिक प्रत जवळ व असमकालिक प्रत दूर ठेवण्याचा प्रघात आहे. असमकालिक प्रत काही क्षण मागे असते. तेवढ्या नोंदी अपघातात जाऊ शकतात.

मुख्य सर्व्हर पडल्यास

पहिले काम म्हणजे तो खरोखर बंद आहे की केवळ संपर्क तुटला आहे, याची खात्री करणे. त्यानंतर त्याला नव्या नोंदी स्वीकारण्यापासून रोखावे, सर्वांत अद्ययावत दुय्यम सर्व्हरला मुख्य म्हणून बढती द्यावी आणि ग्राहकांची जोडणी तिकडे वळवावी. जुना सर्व्हर दुरुस्त झाल्यावर तो दुय्यम म्हणूनच परत घ्यावा. हा क्रम चुकला तर दोन्ही सर्व्हर स्वतःला मुख्य समजतात आणि एकाच गटावर दोन ठिकाणी दोन वेगळे फेरफार नोंदले जातात. कोणता खरा, हे मग यंत्राला ठरवता येत नाही.

दोन धडे

मुंबईत २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले. दूरसंचार जोडण्यांत बिघाड झाला आणि डेटा साठवणारी यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही. पर्यायी केंद्र असूनही कामकाज तिकडे हलवले गेले नाही. बाजार दुपारी ३.४५ वाजता पुन्हा उघडला.

त्याआधी ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या संकेतस्थळाच्या अभियंत्याने मागे पडलेली प्रतिकृती दुरुस्त करताना चुकून मुख्य सर्व्हरवरील डेटा पुसला. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले. नेहमीचा बॅकअप आवृत्तीतील तफावतीमुळे निघतच नव्हता आणि तशी सूचनाही कोणापर्यंत पोहोचत नव्हती. सहा तास आधी सहज घेतलेली एक प्रत कामी आली. त्यानंतरच्या नोंदी मात्र गेल्या.

बॅकअपला पर्याय नाही

चुकून पुसलेली नोंद प्रतिकृतीतूनही काही क्षणांत पुसली जाते. त्यामुळे प्रतिकृती असली तरी ठरावीक काळाचे बॅकअप व बदलांच्या नोंदवह्या वेगळ्या जागी जपाव्या लागतात. त्यांच्या आधारे चुकीच्या आधीच्या क्षणापर्यंत मागे जाता येते.

शेअर बाजाराने २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, विशेष सत्र घेऊन कामकाज पर्यायी केंद्रावरून चालवून पाहिले. जिल्ह्यातील एखाद्या पतसंस्थेलाही हे लहान प्रमाणावर शक्य आहे. सुटीच्या दिवशी मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करावा, दुय्यम सर्व्हरवरून खाती उघडून पाहावीत, शिल्लक ताळ्यास लावावी आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. बॅकअपमधूनही डेटा प्रत्यक्ष परत उभा करून पाहावा. तोवर आपल्याकडे प्रत आहे, असे मानू नये.