भविष्य कोणाच्या मालकीचे? दामोदर खोऱ्यापासून ऊसतोडणी यंत्रापर्यंत

आंबेडकरी चळवळ म्हणजे इतिहासाची चळवळ, असा एक समज पक्का झाला आहे. आमचे कार्यक्रम तारखांवर ठरतात आणि भाषणेही तारखांवरच होतात. भविष्याची चर्चा दुसरीकडे चालते. कृत्रिम बुद्धिमत्ता, हवामान बदल, स्मार्ट शहरे यांवरच्या परिषदांत आम्ही नसतो. असलोच तर 'लाभार्थी' म्हणून आकडेवारीत असतो.

आमच्या तरुणांमध्ये यावर दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की तंत्रज्ञान येऊ द्या, जात आपोआप जाईल. दुसरे मत असे की यंत्र भांडवलदारांचे, विकास त्यांचाच, आपला त्याच्याशी काय संबंध? आमच्या मते या दोन्ही भूमिका बाबासाहेबांच्या नाहीत. बाबासाहेबांनी या देशाच्या भविष्याचा आराखडा सरकारी टेबलावर बसून, पाण्याचा आणि विजेचा हिशेब मांडून केला होता. त्यातला अर्धा भाग देशाने उचलला आणि अर्धा टाकून दिला. टाकलेला अर्धा भाग कोणता, हे समजल्याशिवाय आजच्या कोणत्याही नव्या यंत्राबद्दल आपल्याला नीट भूमिका घेता येणार नाही.

स्वप्नापासून हिशेबापर्यंत

भविष्याची कल्पना करणे ही आपल्या परंपरेला नवी गोष्ट नाही. संत रविदासांनी बेगमपुऱ्याची कल्पना मांडली. दुःख नसलेले, कराचा धाक नसलेले, दुसरा-तिसरा दर्जा नसलेले आणि कोणालाही मोकळेपणाने फिरता येईल असे ते शहर. ज्यांना गावाच्या रस्त्यावरून चालण्याची मुभा नव्हती, त्यांच्या बाजूने केलेली ही कल्पना आहे. त्यामुळे तिथे मोकळे फिरणे हाच सर्वांत मोठा हक्क आहे.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला. त्यात भविष्याला अवजारे मिळाली. जंगल खात्याने गायराने गिळल्यामुळे शेतकऱ्याची जनावरे कशी उपाशी मरतात, हे त्यांनी सांगितले. सरकारने फौजेतील आणि पोलिसांतील रिकाम्या हातांकडून ठिकठिकाणी ताली, बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल, असेही सुचवले. पर्यावरण हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. पण माती, पाणी, गुरे आणि खाते यांचा एकत्र विचार फुल्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी केला होता, आणि तोही कष्टकऱ्याच्या बाजूने.

बाबासाहेब याच वाटेने पुढे गेले. १९१८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. तुकडे जोडून शेती सुधारणार नाही, शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत हे मूळ दुखणे आहे आणि त्यावरचा उपाय औद्योगिकीकरण आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याच ठिकाणी त्यांचा गांधीजींशी मूलभूत मतभेद दिसतो. 'हिंद स्वराज्य' १९०९ चे. त्यात यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका आहे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब घेणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी या टीकेला उत्तर दिले. यंत्रामुळे अनर्थ झाले हे त्यांनी नाकारले नाही. पण दोष यंत्राचा नसून खासगी मालकीला आणि खासगी नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांनी दाखवले. माणूस पशूपेक्षा वेगळा जगतो तो विचार करण्यामुळे, आणि विचार करायला फुरसत लागते. काही थोड्यांनाच फुरसत असलेल्या समाजाला यंत्र नकोसे वाटले तर नवल नाही. लोकशाही मानणाऱ्याला मात्र यंत्र हवेच, कारण त्याला सर्वांसाठी फुरसत हवी आहे.

ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाणी, शेण, सरपण आणि दळण यांतून डोके वर काढता आले नाही, त्यांना यावर वेगळे भाष्य लागत नाही.

मजूरमंत्र्यांच्या टेबलावर

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. वीज आणि पाटबंधारे हे विषयही याच खात्याकडे होते. १९४६ पर्यंतची ही चार वर्षे आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येतात.

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत विजेच्या प्रश्नावर धोरण समितीची बैठक झाली. अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी विचारलेले प्रश्न आजही जसेच्या तसे विचारावेत असे आहेत. वीजनिर्मिती खासगी मालकीची असावी की सरकारी? खासगी असेल तर जनतेच्या हितासाठी तिच्यावर कोणत्या अटी हव्यात? वीज मुबलक आणि स्वस्त कशी मिळेल? आणि ही सगळी धडपड कशासाठी? तर गरिबीच्या फेऱ्यातून सुटण्यासाठी. विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती.

त्याच वर्षी जुलैमध्ये दामोदर नदीचा बांध फुटला होता. रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटला, कलकत्त्याचा संपर्क खुंटला. बंगालमध्ये त्या वर्षी दुष्काळाने माणसे मरत होती, वर युद्ध चालू होते. 'बंगालचे दुःख' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नदीचे करायचे काय? बंगाल सरकारच्या चौकशी समितीत शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. शूद्र समजल्या जाणाऱ्या जातीत जन्मलेला हा माणूस नदीशास्त्रावर आग्रहाने लिहीत होता. अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या धर्तीवर संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करावा, असे समितीने सुचवले. त्या प्राधिकरणातील अभियंते व्हूर्डुइन यांना बोलावून आराखडा करून घेण्यात आला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक असा बहुउद्देशी प्रकल्प पुढे रेटला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटकमध्ये त्यांनी ओरिसातील नद्यांबद्दल हीच दृष्टी मांडली. पाणी जास्त आहे म्हणून रडू नका, ते साठवा, ती लोकांची संपत्ती आहे.

केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि जलमार्ग, सिंचन व नौकानयनाचा केंद्रीय आयोग या संस्थाही याच काळातल्या.

याच टेबलावरून आणखी एक गोष्ट झाली. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक बाबासाहेबांनी मांडले आणि १९४६ मध्ये तो कायदा झाला. वीज आणि ४८ तास या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. यंत्राने उत्पादन वाढवायचे आणि कायद्याने त्यातली फुरसत कामगाराच्या पदरात घालायची. फुरसत यंत्रातून आपोआप गळत नाही, ती कायद्याने काढून घ्यावी लागते.

टाकून दिलेला अर्धा भाग

मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे बाबासाहेबांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन प्रसिद्ध केले. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे. शेती हा राज्याचा उद्योग. जमीन राज्याने घ्यावी आणि जातपात न पाहता गावातील कुटुंबांना सामूहिक कसण्यासाठी द्यावी, पाणी, बियाणे, अवजारे राज्याने पुरवावीत. ना जमीनदार, ना कूळ, ना भूमिहीन मजूर. हे सगळे दहा वर्षांच्या आत, आणि संविधानातच लिहिलेले, म्हणजे पुढच्या बहुमताला ते पुसता येऊ नये.

धरण हा योजनेचा पहिला अर्धा भाग होता, आणि त्या पाण्यावर, त्या जमिनीवर मालकी कोणाची हा दुसरा. देशाने धरणे बांधली. मालकीचा भाग मूलभूत हक्कांत आलाच नाही. त्याची सावली तेवढी मार्गदर्शक तत्त्वांत पडली, ज्यांसाठी न्यायालयात जाता येत नाही.

परिणाम काय झाला? दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये स्थापन झाले. आराखड्यातील आठ धरणांपैकी पहिल्या टप्प्यात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच झाली. ६ डिसेंबर १९५९ रोजी पंचेत धरणाचे उद्घाटन पंतप्रधान नेहरूंनी बुधनी मेझान या संथाळ मजूर मुलीच्या हातून करवले. तिने बटण दाबले. छायाचित्रे निघाली. समारंभात तिने नेहरूंना हार घातला होता. परपुरुषाच्या गळ्यात हार म्हणजे लग्नच झाले, असे म्हणून तिच्या लोकांनी तिला वाळीत टाकले. १९६२ मध्ये महामंडळातील तिची नोकरीही गेली. ती परत मिळवायला तिला दोन दशकांहून अधिक काळ लागला. २०२३ मध्ये ती वारली. ज्या संथाळ मुलखातली ती होती, तिथली गावे आणि शेते धरणांच्या पाण्याखाली गेली होती.

तारीख पाहा. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. तारखेचा हा योगायोगच, पण बाबासाहेबांच्या योजनेची कशी चिरफाड झाली, हे त्या एका दिवसात दिसते. बटण दाबायला संथाळ मुलगी चालली. तिच्या जमिनीची, नोकरीची आणि समाजातल्या जागेची हमी मात्र कुठेही लिहिलेली नव्हती.

इथे एक आक्षेप येतो. बाबासाहेब मोठ्या धरणांचे समर्थक होते, आणि त्या धरणांनी आदिवासींना उठवले. हिराकुडमध्ये लाखाहून अधिक माणसे विस्थापित झाली. मग बाबासाहेबही जबाबदार नाहीत का? आमचे उत्तर असे. बाबासाहेब धरणांचे समर्थक होते, हे लपवायचे कारण नाही. पण भूमिहीन कोणी उरणार नाही अशी जमीनव्यवस्था हा त्यांच्या योजनेचाच भाग होता. ती मान्य झाली असती तर विस्थापिताला द्यायला जमीनच नाही, हे कारण सरकारला सांगता आले नसते. धरणे उभी राहिली तेव्हा ते खाते त्यांच्याकडे नव्हते. आणि शेवटी, बाबासाहेबांना मानणे म्हणजे त्यांच्या प्रत्येक प्रकल्पाची आरती करणे नव्हे. त्यांचीच कसोटी धरणालाही लावायची, आणि जिथे ते त्या कसोटीला उतरत नाही तिथे विस्थापितांच्या बाजूने उभे राहायचे.

आजचे यंत्र, तेच प्रश्न

ती कसोटी तीन प्रश्नांची आहे. या यंत्राने कोणाला फुरसत मिळेल? ते कोणाच्या मालकीचे असेल? नुकसान झाले तर कोण भोगेल?

ऊसतोडणी यंत्र घ्या. मराठवाड्यातून दरवर्षी लाखो माणसे उसाच्या फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत सुटका नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजले. हा कोयता जाणार असेल तर आम्ही त्याच्यासाठी रडणार नाही. तो जायलाच हवा. पण राज्याच्या २०२३ मधल्या योजनेत यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जे कमी ते, अनुदान म्हणून ठरले. ते घेणार कोण? कारखाना, उद्योजक, पैसेवाला शेतकरी. उरलेली रक्कम भरण्याची ऐपत असेल त्याचेच यंत्र. मग कोयता जाईल, उचल जाईल आणि मजूरही जाईल, शहरातल्या मजूर अड्ड्यावर. म्हणून आपली मागणी यंत्र नको अशी असू नये. अनुदानावर पहिला हक्क ऊसतोड मजुरांच्या सहकारी संस्थांचा, आणि सरकारी पैशाने आलेल्या प्रत्येक यंत्रामागे बेकार होणाऱ्या कोयत्यांच्या पुनर्वसनाची लेखी अट, अशी ती असली पाहिजे.

गटारसफाईचे उदाहरण उलटे आहे. तिथे यंत्र असूनही माणूस आत उतरतो. मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' यंत्रमानव केरळमध्ये २०१८ मध्येच वापरात आला. कायदा १९९३ चा आहे, दुसरा २०१३ चा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृतांच्या वारसांना १० लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरी माणसे गुदमरून मरतातच, कारण ठेकेदाराला यंत्रापेक्षा आपला माणूस स्वस्त पडतो. तंत्रज्ञान आले की जात जाईल म्हणणाऱ्यांनी या मॅनहोलजवळ येऊन उत्तर द्यावे.

हवामान बदलाचेही तेच. उन्हाचा पारा वाढेल तेव्हा तो पत्र्याच्या घरात, बांधकामावर आणि वीटभट्टीवर आधी वाढेल. शहराच्या आराखड्यात झाडे आणि पाणी कोणत्या वस्तीला, हा बागकामाचा विषय नाही. चवदार तळ्याचाच प्रश्न तिथे पुन्हा उभा आहे.

हे जमणारे नाही, असे कोणी म्हणेल. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर ठरत नव्हता, कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरत होता. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क होता आणि उसाला मनाई होती. मालकीची अट आधी ठरली आणि पंप नंतर बसला. एवढा क्रम पाळला तर यंत्र सर्वांचे होऊ शकते, हे महाराष्ट्राच्याच मातीत दिसलेले आहे.

म्हणून येत्या जयंतीला प्रत्येक वस्तीतल्या तरुणांनी एक काम करावे. आपल्या नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा विकास आराखडा माहिती अधिकारात मागवावा आणि त्यातल्या प्रत्येक कामाला हे तीन प्रश्न लावून वस्तीत वाचून दाखवावा. १९४३ साली बाबासाहेबांनी हे प्रश्न दिल्लीत विचारले तेव्हा ते एकटे होते. आज आपण एकटे नाही.

जय भीम!