दंड कुणाचा, देवी कुणाची? कर्जत-खालापूर आणि लसीपुढचे आईबाप

३ ऑगस्ट २००९. पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने दगावली. भारतातला त्या साथीचा तो पहिला बळी. काही दिवसांतच पुण्या-मुंबईच्या शाळांना सुट्या द्याव्या लागल्या आणि तोंडाला रुमाल बांधलेली माणसे सर्वत्र दिसू लागली. या दोन शहरांच्या मधल्या लोहमार्गावर, बोरघाटाच्या पायथ्याशी, कर्जत आणि खालापूर हे तालुके आहेत. लस तेव्हा अस्तित्वातच नव्हती. जुलै २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस बाजारात आणली आणि १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर करून टाकले. वर्षभरापूर्वी ‘लस कधी येणार?’ असे विचारणाऱ्या पालकांपुढे आता ‘आता ती घ्यायची कशाला?’ असा प्रश्न होता.

नव्या लसीपुढे उभ्या राहिलेल्या आईबापांचा पेच उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांना मात्र नवा नव्हता. तो तिथे एकोणिसाव्या शतकातच पोहोचला होता. हा धागा त्या जुन्या पेचाचा आहे.

आरंभ भाषेपासून करावा लागतो. मराठीत रोगाचे नाव ‘देवी’ आणि त्यावरील लसीचेही नाव ‘देवी’. मुलाला देवी ‘येतात’ तेव्हा तो आजारी असतो. मुलाच्या देवी ‘काढतात’ तेव्हा त्याला लस टोचलेली असते. गावोगाव फिरून लस टोचणारा सरकारी नोकर म्हणजे ‘देवी डॉक्टर’. रोग हे शीतळादेवीचे आगमन मानले जाई. घरात फोडणी बंद होई, कडुलिंबाचा पाला दाराला लागे, बाहेरच्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबावे लागे. त्याच रायगड जिल्ह्यातल्या चौलच्या शीतळादेवीचे देऊळ आजही नांदते आहे. डोळे जाणे हा या रोगाचा नेहमीचा शेवट असल्यामुळे देवीला चांदीचे डोळे वाहण्याची रीत पडली, हे लक्षात घेतले की त्या भक्तीमागची भीती किती नेमकी होती ते कळते. लसीला देवीचेच नाव देऊन लोकांनी तिला परिचित चौकटीत बसवले. जी देवी मोठ्या रूपात अवचित येणार, तिला लहान रूपात बोलावून घ्यायचे. केवळ अडाणीपणाने लसीला विरोध झाला, असे म्हणणाऱ्यांनी हा शब्द एकदा नीट ऐकावा. विरोध झाला, हे खरेच. पण त्याचे कारण अनेकदा वेगळ्या जागी होते.

ती जागा म्हणजे मुलाचा दंड.

एडवर्ड जेन्नरने गोस्तनदेवीच्या फोडातील द्रवाने देवीपासून संरक्षण मिळते, हे १७९६ मध्ये दाखवले आणि १७९८ मध्ये प्रसिद्ध केले. पण इंग्लंडहून भारतात तो द्रव आणणे महाकठीण होते. जहाजाच्या सहा महिन्यांच्या प्रवासात, उष्णतेत, तो निकामी होई. शेवटी व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा मजला मारत तो मुंबईला पोहोचला आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर लागू पडला. भारतात लस लागू झालेली ती पहिली व्यक्ती. ती एका नोकराची मुलगी होती आणि स्वभावाने फार गुणी होती, अशी नोंद आहे. तिच्या पालकांना काय विचारले गेले, याची नोंद नाही. आठवड्याभराने तिच्या फोडातील द्रव काढून पाच मुलांना टोचला गेला, आणि तिथून पुढे साऱ्या देशात लस पसरली.

याला ‘दंडावरून दंडावर’ची पद्धत म्हणत. बर्फ नाही, कुपी नाही. त्या काळी लस जिवंत ठेवायची भरवशाची जागा एकच होती, ती म्हणजे दुसऱ्या मुलाची त्वचा. स्पेनच्या राजाने १८०३ मध्ये अमेरिकेतल्या वसाहतींकडे लस पाठवली तेव्हा जहाजावर बावीस अनाथ मुले घेतली होती. दर आठ-दहा दिवसांनी त्यांतल्या दोघांना टोचायचे, फोड पिकले की पुढच्या दोघांना. अनाथच का निवडले, याचे उत्तर उघड आहे. त्यांच्या वतीने नाही म्हणणारे कोणी नव्हते.

मुंबई इलाख्यात १८२७ पासून यासाठी पगारी यंत्रणा उभी राहिली. वर युरोपीय अधीक्षक आणि खाली जिल्ह्यांतून फिरणारे एतद्देशीय देवी डॉक्टर. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते आणि खालापूर हा कर्जत तालुक्याचाच पेटा. (कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, हा भाग नंतर आला.) इथला पावसाळा ठाऊक असलेल्याला सांगायला नको की जून ते सप्टेंबर फिरती अशक्य. उन्हाळ्यात द्रव बिघडे. उरत ते हिवाळ्याचे महिने.

आता गावात येऊन पोहोचलेल्या देवी डॉक्टरची निकड पाहावी. त्याच्या बरोबर आदल्या गावातले एक मूल आहे, ज्याच्या दंडावरचा फोड आठव्या दिवशी पिकला आहे. त्या फोडातला द्रव आज वापरला नाही तर वाया जाईल. तो इथल्या मुलांना टोचायचा, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्यापैकी एखाद्याचा फोड पुढच्या गावासाठी मिळवायचा. साखळीत एक कडी निखळली की लस संपली आणि साऱ्या मोसमाची मेहनत पाण्यात. म्हणून तो आईबापांकडे दोन गोष्टी मागत असे. पहिली, तुमच्या मुलाला टोचू द्या. दुसरी, आठ दिवसांनी याच फोडाला पुन्हा सुई लावून द्रव काढू द्या. जमल्यास मूल घेऊन पुढच्या गावापर्यंत चला.

पहिल्या मागणीला तयार झालेली आई दुसरीला अडे. यात न समजण्यासारखे काही नाही. अंगात कणकण असलेल्या, सुजल्या दंडाच्या तान्ह्याला परक्या माणसाच्या हाती पुन्हा द्यायचे, तेही स्वतःच्या मुलाच्या भल्यासाठी नव्हे, तर कधी न पाहिलेल्या मुलासाठी. फोडातले पाणी काढून नेले की देवीचा गुणही जातो, असा समज होता. टोचलेल्या दंडावर सरकारची खूण उमटते आणि त्या खुणेवरून पुढे काही वसूल होईल, अशाही अफवा देशात ठिकठिकाणी होत्या.

शिवाय द्रव कुणाच्या दंडातून आला, हा प्रश्न होताच. वरच्या जातींच्या घरांचा हा आक्षेप विटाळाचाच होता. त्याला दुसरे गोंडस नाव देण्यात अर्थ नाही. पण त्याची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. साखळी चालू ठेवण्यासाठी जी मुले गावोगाव नेली जात, ती बहुधा गरिबांची आणि खालच्या मानलेल्या जातींची असत. त्यांच्या आईबापांच्या हातावर काही नाणी ठेवली जात. म्हणजे ज्यांना नकार देणे परवडत नव्हते त्यांच्या मुलांच्या दंडांवर लस जगली, आणि ज्यांना परवडत होते त्यांनी तिच्या जातीची चौकशी केली. लसीच्या इतिहासात नकार देणारे सतत भेटतात. या मुलांची मात्र नावेही शोधून सापडत नाहीत.

कर्जतच्या डोंगरपट्टीत ठाकूर आणि कातकरी पाडे आहेत. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे कोळशाच्या भट्ट्यांवर आणि इतर मजुरीवर बाहेर पडत. तोच नेमका लस टोचण्याचा हंगाम. आज टोचलेले मूल आठव्या दिवशी त्याच पाड्यावर सापडेल, याची हमी कोण देणार? ओस पडलेली झोपडी म्हणजे नकार नव्हे. कागदावर मात्र दोन्हींत फरक उरत नाही.

कागदावरून आठवले. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात, इतर जिल्ह्यांच्या खंडांप्रमाणेच, लस टोचल्याचा तक्ता असतो. पुरुष, स्त्रिया, हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, इतर, एक वर्षाखालील, एक वर्षावरील, एकूण. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असे तक्ते फार आवडतात, आणि ते फसवतातही. या तक्त्यात टोचून न घेतलेल्यांचा रकाना नाही. किती दारे बंद होती, किती झोपड्या रिकाम्या होत्या, हे त्यातून कळत नाही. न मोजलेल्या सर्वांसाठी सरकारी अहवालांत दोन शब्द तयार असत: अज्ञान आणि पूर्वग्रह.

याच शब्दांची तुलना विलायतेशी करून पाहावी. इंग्लंडमध्ये १८५३ पासून तान्ह्या मुलांना लस सक्तीची होती. तिथल्या पालकांनी दंड भरले, काही तुरुंगात गेले, १८८५ मध्ये लेस्टर शहरात प्रचंड मोर्चा निघाला. त्यांच्या भीतीला आधारही होता. १८६१ मध्ये इटलीतल्या रिव्हाल्टा गावी दंडावरून दंडावर लस टोचताना चाळीसहून अधिक मुलांना उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, लागण झाली होती. अखेर १८९८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ही पद्धत बंद झाली आणि सद्सद्विवेकाने लस नाकारणाऱ्या पालकाला सूट मिळाली. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने लस सक्तीची केली होती आणि १८९२ च्या कायद्याने ती सक्ती जिल्ह्यांतल्या निवडक ठिकाणी लावण्याची सोय झाली. त्यांत सद्सद्विवेकाचे कलम नव्हते. लेस्टरच्या बापाचा नकार विवेकातून आलेला ठरला. कर्जतच्या आईचा नकार पूर्वग्रहच राहिला.

दंडावरून दंडावरची पद्धत हळूहळू मागे पडली ती वासरांमुळे. वासराच्या पोटावर फोड उठवून त्यातून लस काढता येऊ लागली; पुढे बेळगावच्या संस्थेतून ती इलाखाभर जाऊ लागली. आता दुसऱ्याच्या मुलाचा द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाण्याचा प्रश्न मिटला, आठव्या दिवसाची मागणीही मिटली. विरोध त्यानंतर बराच ओसरला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्याला पूर्वग्रह म्हणत होते त्याचा मोठा भाग पद्धत बदलताच गळून पडला.

सगळा मात्र गळला नाही. वासराच्या लसीने नवा आक्षेप जन्माला घातला आणि तो उचलला एका बॅरिस्टरने. गांधीजींनी आरोग्यावरील आपल्या लेखनात देवी काढणे हे अस्वच्छ आणि धर्माला न मानवणारे कृत्य ठरवले होते. आश्रमात त्यांच्या शब्दाला जे वजन होते त्यामुळे तिथल्या कुटुंबांचा कल लसीकडे नव्हता. १९३० च्या आरंभी साबरमतीला देवीची साथ आली आणि तीन मुले गेली. त्यांतला एक मुलगा तासगावचे पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा. खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य आणि आश्रमाच्या प्रार्थनेचे गायक. १२ मार्चला दांडीयात्रा निघाली तेव्हा खरे तिच्यात पायी चालत होते.

मिठाच्या सत्याग्रहावरील पुस्तकांत त्यांच्या गाण्याचा उल्लेख येतो. या मृत्यूचा क्वचितच. लिहिता-वाचता येणारे, विचारपूर्वक जगणारे ते आईबाप होते. त्यांना अज्ञानी म्हणता येत नाही आणि त्यांचा निर्णय बरोबर होता असेही म्हणता येत नाही. देवी काढलेली असती तर ती मुले बहुधा वाचली असती. नकारामागचे कारण समजून घेणे ही एक गोष्ट, आणि नकाराची किंमत कुणी मोजली हे पाहणे ही दुसरी. कर्जतच्या आईबद्दल लिहितानाही ही दुसरी गोष्ट विसरून चालत नाही. नकार तिचा असला तरी डोळे मुलाचे जात.

स्वातंत्र्यानंतर, १९६२ मध्ये, राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. देवी डॉक्टरच्या पेटीत तेव्हाही बहुतेक ठिकाणी दातेरी चकतीचे हत्यार असे. दंडावर टेकवून ते गरकन फिरवले की कातडी खरवडली जाई. मुले पळून जात, माळ्यावर लपत, आया त्यांना धरून आणत. दुतोंडी सुई आली ती साठच्या दशकाच्या अखेरीस. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. त्यानंतर लवकरच देवी काढणे थांबले.

आजच्या तरुणांच्या डाव्या दंडावर असतो तो छोटा वण क्षयावरील बीसीजी लसीचा. कर्जत लोकलमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या प्रवाशाने वरची कडी धरली की कधी त्याच्या दंडावर रुपयाएवढा, चुण्या पडलेला गोल वण दिसतो. तो देवीचा. त्या दंडाकडे आठव्या दिवशी देवी डॉक्टर परत आला असेल, तर फोड धरला की नाही एवढेच पाहून, वहीत खूण करून निघून गेला असेल.