अमृतांजन पुलाची जन्मतारीख

५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीमुळे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ओस पडलेला असताना, खंडाळ्याजवळचा अमृतांजन पूल नियंत्रित स्फोटांनी पाडण्यात आला. त्या वेळच्या अनेक बातम्यांत पुलाचे वय १९० वर्षे असे आले. म्हणजे जन्म १८३० चा. मृत्युलेखात जन्मसालच चुकावे, तसा हा प्रकार.

पूल रेल्वेचा होता. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि बोरघाटातील लोहमार्गाचे काम सुरू झाले १८५६ साली. त्याआधीचे साल या पुलाला देता येत नाही. मग १८३० आले कुठून? ते घाटरस्त्याचे. कॅप्टन ह्यूजेस यांनी केलेला गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, खुला झाला. रस्त्याचे साल पुलाच्या खात्यावर जमा झाले आणि एकाने लिहिले ते दुसऱ्याने उचलले. (पुलाचे नावही असेच उसने, जवळच्या वेदनाशामक मलमाच्या जाहिरातफलकावरून पडलेले.)

चूक क्षुल्लक म्हणून सोडून देता येईल. परंतु तिच्याबरोबर घाटातील लोहमार्ग खणणाऱ्यांची सात वर्षे पुसली जातात. थकलेल्या मजुरीवरून १८५९ च्या आरंभी मजुरांनी दंगा केला आणि त्याच वर्षी फेविएल या पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, तो काही दिवसांतच आजारी पडून वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेऊन पुरे करविले. १८६१ साली घाटात ४२ हजारांवर मजूर राबत होते. अ‍ॅलिसचे नाव निदान उरले, त्यांची तर नावेही नाहीत. मुख्य अभियंता जेम्स बर्कली १८६२ साली मरण पावला. २१ एप्रिल १८६३ रोजी सर बार्टल फ्रिअर यांनी मार्गाचे उद्घाटन केले; माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले तेही याच वर्षी.

चढ इतका तीव्र की ३७ फुटांना एक फूट, आणि कड्याच्या टोकाशी रूळ वळवायला जागा नाही. म्हणून तिथे गाडी सरळ पुढे न्यायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि मागचे तोंड पुढे करून उरलेला घाट चढायचा, अशी योजना होती. ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ ते हेच. अमृतांजन पूल याच मार्गावरचा. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला, रूळ गेले, दगडी कमानी राहिल्या.

वाहत्या महामार्गावर रेल्वेचा पूल चढविणे हे आज अभियंत्यांचे नित्याचे काम आहे. इथे क्रम उलटा होता: पूल आधी, महामार्ग नंतर त्याच्या पोटाखालून. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला, तेव्हा उतारावर, वळणावर, नेमक्या या खांबांपाशी रस्ता आवळला गेला. कोंडी आणि अपघात ठरलेलेच. तेव्हा पूल पाडला याबद्दल माझी तक्रार नाही. तो खोटे वय लावून पाडला, याबद्दल आहे. १८६३ हेच साल धरले तर पाडते वेळी त्याचे वय १५७ वर्षे होते. त्यांपैकी गाड्या धावल्या त्या ६६.